जयूताईचं फोल्डर

जयूताई पुणतांबेकरला कोणी "बिचारी" म्हटलं की माझं डोकं फिरतं. इथल्या मराठी समाजाच्या गणपतीत म्हणा, हळदीकुंकवाला म्हणा, चार बायका जमल्या की एक तरी सुस्कारा टाकतेच. "बिचारी जयू! बावीस वर्षं शिकवलं आणि आता बघा, कोठीवरच्या कचेरीत कोर्टाच्या शेडमध्ये बसून शपथपत्रं टाईप करून राहिली." अहो, बिचारी कसली? तिच्यासारखी ताठ बाई या उज्जैनात मी दुसरी पाहिली नाही. तिचं काय झालं आणि कसं झालं हे त्या बायकांना माहीत नाही. मला माहीत आहे, कारण ते माझ्यामुळे झालं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं मला जमत नाही, म्हणून सांगते. ऐकून माझ्याशी बोलणं सोडलंत तरी चालेल.

जयूताईचे वडील मिरजेकडून रेल्वेत गार्ड म्हणून आले आणि इथलेच झाले. ते ड्यूटीवर असतानाच गेले. आई आधीच गेलेली, भाऊ पराग तेव्हा अकरावीत, आणि ही एकवीस वर्षांची. बाईने महिनाभरही रडारड केली नाही. टायपिंगची परीक्षा पास होतीच, ती माधव नगरात भय्यासाहेब बक्षींच्या कमर्शियल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागली. परागला बी.कॉम. केलं, बँकेत चिकटवलं, त्याचं लग्न लावून दिलं. त्याने नानाखेड्याला घर बांधलं तेव्हा गच्चीवरची खोली बहिणीला दिली. स्वतःच्या लग्नाचं म्हणाल, तर दोन-तीन जागी दाखवलं, रंगावरून अडलं. मग तिनेच सांगून टाकलं, "बस झालं. पोह्यांच्या बशा घेऊन माझ्याच्याने आता कोणासमोर जाणं होत नाही."

मी तिच्याकडे सतराव्या वर्षी शिकायला गेले. माझ्या नखांना लाल नेलपॉलिश होतं. ते बघून म्हणाली, "हे काढून ये, नाही तर मशीन लाजेल." मग स्टूलवर बसवून माझं एकेक बोट धरून आपापल्या जागेवर ठेवलं. तिच्या क्लासची टकटक इतकी नेमाची असायची, की जिन्याखालचा पानवाला घड्याळ न बघता सांगायचा, मॅडमची दुसरी बॅच सुरू झाली. पुढे माझं लग्न झालं, आणि दोन वर्षांत माझ्या नवऱ्याची, अनिलची मिल बंद पडली. हजारो माणसं घरी बसली त्यांत हाही एक. मी रडत जयूताईकडे गेले. तिने भय्यासाहेबांना काय सांगितलं ठाऊक आहे? "नंदाला माझी सकाळची बॅच द्या." स्वतःची बॅच काढून मला दिली तिने. तेव्हापासून आम्ही दोघी तिथे शिकवत होतो, ती मोठी मॅडम, मी छोटी मॅडम.

मग सन दोन हजार उजाडलं. टाईपरायटरकडे कोणी ढुंकून बघेना. गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या पाट्या, आणि जो तो म्हणणार वेब डिझाइनिंग शिकायचंय, जसं काही अमेरिका नानाखेड्याच्या बस स्टँडवरून सुटते. भय्यासाहेब घाबरट पण सज्जन माणूस. त्यांनी दिल्लीच्या एका कंपनीची एजन्सी घेतली, बारा मशीनं भंगारवाल्याला दिली आणि पाच कॉम्प्युटर आणले. कंपनीची अट होती, की शिकवायला एकच बाई राहील, आणि तीही आधी परीक्षा देऊन. नव्या मुलीला पहिल्या दिवसापासून हाताशी धरता येईल असा एक छोटा प्रोजेक्ट तिने स्वतः तयार करायचा. कंपनीचा माणूस भोपाळहून येऊन तो चालवून बघेल, मगच खुर्ची.

भय्यासाहेबांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "जयू, तुम्ही सीनियर. तुम्ही तयार करा, नंदा मदत करेल. त्याने हो म्हटलं की खुर्ची तुमची." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "नंदाचं बघू काही तरी." बघू म्हणजे काय ते मला चांगलं कळलं.

जिना उतरताना जयूताईने माझा हात धरला. "नंदू, तुला म्हणून सांगते. अपर्णा परवा जेवताना म्हणाली, ताई, नाही तरी तुमची नोकरी सुटणारच, तर पोळ्यावालीला मी काढूनच टाकते." अपर्णा म्हणजे परागची बायको. "मला कामाचं काही नाही गं, पण रोज सकाळी साडी नेसून घराबाहेर पडते ना, तेवढीच माझी आहे मी. ते गेलं तर त्या घरात मी कोण? मला भीती वाटते." इतक्या वर्षांत तिच्या तोंडून भीती हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "काही नाही होत," मी म्हटलं, "तुलाच मिळेल."

भय्यासाहेबांनी इंदूरहून एक जाडजूड पुस्तक आणलं. जयूताईने त्याला खाकी कव्हर घातलं आणि श्री लिहून वही उघडली. जावास्क्रिप्ट हा शब्द वाचून म्हणाली, "स्क्रिप्ट म्हणजे लिपीच ना? मग नवी लिपी शिकायला किती दिवस लागतात?" दोन महिने लागले. आधी ती वहीत पेन्सिलीने एकेक ओळ लिहायची, मग पडद्यावर टाईप करायची. मोठ्या अक्षराच्या जागी लहान पडलं की सगळं ठप्प. "ही तर खाष्ट सासू आहे गं," म्हणायची, "मिठाचा एक खडा कमी पडला की ताट सरकवते." पण चिडायची नाही. चूक सापडली की वहीच्या समासात तारखेसकट लिहून ठेवायची.

आणि काय सुंदर प्रोजेक्ट केला तिने! मी आज हे शिकवून पोट भरते, मला त्यातलं कळतं. कॉम्प्युटरवर एक फोल्डर केलं, त्याला नाव दिलं श्रीगणेशा. त्यात तीनच फायली. मला समोर बसवून म्हणाली, "तू आज नवीन आलीस असं समज. ही पहिली फाईल म्हणजे भिंती. दुसरी म्हणजे भिंतींचा रंग. आणि तिसरी, जावास्क्रिप्टची, ती दारावरची घंटी. दाबल्याशिवाय बोलत नाही. कळलं?" पानावर नाव लिहायला एक चौकोन आणि खाली एक बटण. बटण दाबलं की नावासकट अक्षरं यायची, की तुम्ही इतक्या वेळा दाबलं. पुन्हा दाबलं की आकडा एकाने वाढायचा. बस, एवढंच. मी म्हटलं, "एवढंसंच?" तर म्हणाली, "एवढंसंच. पहिल्या दिवशी घंटी शिकवायचीच नाही. पहिल्या दिवशी नुसती भिंत, आणि भिंतीवर तिचं नाव. पडद्यावर स्वतःचं नाव दिसलं ना, की पोरगी दुसऱ्या दिवशी येते."

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं तयार होतं. बटण मी स्वतः वीस वेळा दाबून बघितलं होतं, एकदाही अडलं नव्हतं. माणूस उद्या अकराला येणार होता. आणि अडीचच्या सुमारास जयूताई तिसऱ्या फाईलमधल्या एका ओळीपाशी थांबली. आकडा वाढवायच्या जागी पुस्तकातल्यासारखं एन प्लस प्लस लिहिलेलं होतं. "हे प्लस प्लस नवीन पोरीला काय कळणार?" ती म्हणाली. "मलाच चार दिवस लागले होते. त्यापेक्षा सरळ लिहावं ना, की जो आकडा होता तो अधिक एक. म्हणजे वाचता येईल." तिने ती ओळ आधी वहीत खोडून नवी लिहिली, मग पडद्यावर. मी चहाचा कप घेऊन तिच्या मागे उभी होते. ओळीच्या शेवटी तिचं अनामिकेचं बोट खाली आलं, आणि ते कुठे पडलं ते मी पाहिलं.

ज्यांनी मशीनवर हात बसवलेला नाही त्यांना हे सांगायला हवं. आमच्या त्या टाईपरायटरवर दोनापासून नवापर्यंत आकडे होते, शून्य होतं, पण एकचा आकडाच नव्हता. एक लिहायचा तर इंग्रजीतला लहान एल मारायचा, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्याच दिवशी शिकवतात हे, आणि मला तिनेच शिकवलं होतं. बावीस वर्षं जिच्या बोटाने एकसाठी एल मारला, तिचं बोट कॉम्प्युटरवर दुसरीकडे कुठे जाणार? तिच्या त्या अख्ख्या प्रोजेक्टमध्ये तोवर एकचा आकडा कुठे आलाच नव्हता. आता आला, आणि तिने एल मारला. कॉम्प्युटरला तो एक नाही वाटत. त्याला ते कुठलं तरी अनोळखी नाव वाटतं.

मला कसं कळलं? कारण महिनाभर आधी मी तीच चूक केली होती. दोन दिवस डोकं फोडलं आणि मग सापडली, पण टायपिंगची मास्तरीण असून आकडा मारता येत नाही, हे सांगायची लाज वाटली, म्हणून कोणाला बोलले नव्हते. तर मी तोंड उघडलं. "ताई..."

"काय गं?"

"चहा गार होतोय."

देवाशपथ सांगते, मी ठरवून नाही केलं. दुसरं वाक्य तोंडात होतं आणि बाहेर हे आलं. तिने फाईल सेव्ह केली, फ्लॉपीवर घेतली, आणि बटण दाबून बघणार तेवढ्यात वीज गेली. त्या दिवसांत ती गेली की संध्याकाळच्या आत यायची नाही. "जाऊ दे," ती हसून म्हणाली, "एका ओळीने काय होतंय?" आणि चहा प्यायली.

पण मला सांगायला वेळ नव्हता असं नाही हं. अख्खी संध्याकाळ होती. घड्याळाच्या टॉवरपर्यंत आम्ही दोघी बरोबर चालत गेलो, ती उद्या कुठली साडी नेसायची ते बोलत होती, आणि मी हं हं करत होते. घरी गेले तर अनिल पेपरातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती कापत बसला होता. नऊ वर्षं कापत होता. माझी श्रुती तेव्हा शाळेत जायला लागली होती. मी मनाशी म्हटलं, सकाळी सांगेन. सकाळी म्हटलं, तिने लवकर जाऊन बघितलंच असेल. साफ खोटं! सकाळी गेलेली वीज दहाला येते हे मला माहीत होतं, आणि दहाला भय्यासाहेब सत्यनारायणाची पूजा घालणार होते हेही माहीत होतं. एरवी पूजेत तीन तास गेले असते, गुरुजींनी तासाभरात उरकली. त्या तासाभरात मी तिच्या शेजारी हात जोडून बसले होते.

सक्सेना नावाचा तो माणूस अकराला आला, टाय बिय लावून. प्रसादाचा शिरा खाल्ला आणि कॉम्प्युटरसमोर बसला. जयूताई मोरपंखी साडी नेसली होती. श्रीगणेशा उघडलं, पान आलं. "अरे वाह," सक्सेना म्हणाला. त्याने चौकोनात स्वतःचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. खाली कोपऱ्यात चूक दाखवणारा पिवळा त्रिकोण आला.

"ये तो नहीं चल रहा, मैडम."

"कल तक तो चल रहा था, सर." तिने त्रिकोणावर क्लिक केलं. पडद्यावर डबा उघडला, त्यात लिहिलेलं होतं की एल कोण ते मला माहीत नाही. पण तिने ते कसं वाचलं? तिच्या डोळ्यांना तो एकच दिसला. "सर, ये बोल रहा है वन इज अनडिफाइन्ड." मग थांबली. "अब एक को क्या डिफाइन करें? एक तो एक ही होता है ना!" सक्सेना हसला. भय्यासाहेब जमिनीकडे बघायला लागले.

तिने फाईल उघडली, वही उघडली, बोट ठेवून ताडून पाहिली. वहीत एक, पडद्यावर एक. ओळ खोडली, पुन्हा टाईप केली. पुन्हा एल. बटण दाबलं, पुन्हा त्रिकोण. तिच्या कानशिलावरून घाम ओघळला. तिसऱ्यांदा तिने एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाईप केलं, लहान मुलासारखं. "एन... बरोबर... एन... अधिक... एक." तोंडाने एक म्हणाली आणि बोट पडलं एलवर. मी चार हातांवर उभी होते. तीनदा बघितलं मी ते बोट खाली येताना. तीनदा गप्प बसले. माणसाला आपण किती नीच आहोत हे कळायला एरवी आयुष्य जातं, मला दहा मिनिटं लागली.

"रहने दीजिए, मैडम," सक्सेना घड्याळ बघत म्हणाला. "एज का भी होता है. टाइपराइटर वाला हाथ है." तो नुसता टोमणा होता, त्या शहाण्याला यातलं काही कळत नव्हतं. मग भय्यासाहेबांकडे वळला. "और कोई है?"

आणि मी म्हटलं, "मी बघते."

जयूताई उठली आणि मला खुर्ची दिली. तीच ओळ मी खोडली आणि तीच ओळ पुन्हा लिहिली, फक्त शेवटी डाव्या हाताने वरच्या रांगेतला एक मारला. त्याला पाव सेकंद लागत असेल. बटण दाबलं. पानावर अक्षरं आली, आपने 1 बार दबाया. सक्सेनाने लहान पोरासारखं पाच-सहा वेळा दाबून बघितलं आणि आकडा वाढत गेला. "गुड. इनको रखिए," तो म्हणाला.

जयूताई माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. "काय केलंस गं?"

"काही नाही. पुन्हा टाईप केलं."

"मी पण तेच केलं."

"हो ना," मी म्हटलं.

तिने स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "मग माझ्या हातालाच यश नाही म्हणायचं." सक्सेना तेव्हा जिन्यातच होता. एक हाक मारली असती तर वर आला असता. मी फ्लॉपी काढून डब्यात ठेवली.

महिनाअखेर ती गेली. भय्यासाहेब रडले, ती नाही रडली. भंगारातून राहिलेलं एक मशीन तेवढं मागून घेतलं. नानाखेड्याला अपर्णाने पोळ्यावालीला आधीच काढलं होतं. त्या वर्षीच्या गणपतीत पराग सगळ्यांना हसून सांगत होता, "नाचता येईना अंगण वाकडं! आमची जयू म्हणते, कॉम्प्युटरला एक म्हणजे काय तेच कळत नाही." सगळे हसले. मीही हसले. जयूताई आत प्रसादाचे द्रोण भरत होती, ऐकू जात होतं तिला. आठ महिने तिने त्या घरात पोळ्या लाटल्या. नवव्या महिन्यात एका सकाळी साडी नेसली, मशीन रिक्षात घातलं आणि कोठीवर कोर्टाच्या शेडमध्ये जाऊन बसली, पुरुषांच्या रांगेत एकटी बाई. परागने तमाशा केला, समाजात तोंड दाखवायची चोरी वगैरे. ती म्हणाली, "तुझं तोंड आहे, तू बघ."

मी काय केलं? मी शिकवलं. तिच्याच फोल्डरवर शिकवलं. भिंत, रंग, घंटी, तेच शब्द, तेच पहिल्या दिवशी नुसतं नाव. तीन वर्षांत तीनशे मुली झाल्या असतील, त्यातल्या काही पुण्याला, काही हैदराबादला गेल्या. पत्रं येतात, मॅडम, तुमचा श्रीगणेशा अजून जपून ठेवलाय. माझा श्रीगणेशा! मी पत्रं फाडून टाकते.

मागच्या वर्षी कंपनीने मला सेंटरची मुख्य केलं. माझ्या मार्कशीटवर नंदिनी आणि बाकी सगळीकडे नंदा, म्हणून दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं शपथपत्र मागितलं. शपथपत्र म्हणजे कोठी. सिंहस्थासाठी सगळे रस्ते खणून ठेवलेले, धुळीत तोंड बांधून मी पोहोचले आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या टायपिस्टकडे निघाले होते. तिनेच पाहिलं.

"नंदू! अगं, मी इथे असताना तिकडे कुठे चाललीस? ये, बस."

ती वाळली होती. केस पांढरे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. पण बसणं तेच, पाठ ताठ. आधी श्रुतीचं विचारलं, अनिलचं विचारलं. मग म्हणाली, "पोरी टिकतात का गं? पहिल्या दिवशी भिंतच ना?" मी मान हलवली. स्टॅम्प पेपर माझ्या हातातच होता.

"एक विचारू?" ती खाली वाकून हळूच म्हणाली, शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "हसू नको. तीन वर्षं झाली, मी अजून ती वही उघडून बघते. सगळ्या ओळी बरोबर आहेत. मग तुझ्या हातून चाललं आणि माझ्या हातून नाही, हे कसं? अपर्णा म्हणते डोक्यावर परिणाम झालाय. मला पण आता वाटतं तसं. परवा कागद मोजताना अडखळले मी. तीनदा मोजले. नंदू, मला खरंच येत नव्हतं का गं? येतंय असं नुसतं वाटत होतं का मला?"

आता हे कसं सहन करणार? मी सांगितलं. "ताई, तू एकच्या जागी एल मारला होतास. मशीनसारखा. कॉम्प्युटरवर एक वेगळा असतो, वरच्या रांगेत."

तिने समोरच्या मशीनकडे पाहिलं. अनामिका हलकेच एलवर टेकवली, उचलली. आणि तिचा चेहरा असा उजळला, की काय सांगू तुम्हाला. "म्हणजे बाकीचं सगळं बरोबर होतं?"

"सगळं."

"म्हणजे मला येत होतं!" ती टाळी वाजवून हसली, डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या म्हाताऱ्या टायपिस्टला हाक मारली. "मिश्राजी, सुना? मुझे आता था! सब सही था! बस एक उंगली..." त्याला काय कळणार, त्याने मान डोलावली. तिने पदराने डोळे पुसले. "अगं बाई, एवढंच! आणि तू बसल्या बसल्या पकडलंस. किती पटकन..."

ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघत राहिली. तिने आयुष्यभर पोरींच्या चुका पकडल्या होत्या, तिला वेळ कितीसा लागणार?

"तू फाईल वाचली पण नव्हतीस," ती म्हणाली. "बसलीस आणि सरळ तीच ओळ खोडलीस."

मी हातातला स्टॅम्प पेपर चुरगाळत होते.

"तुला केव्हा कळलं होतं, नंदू?"

खोटं बोलता आलं असतं. जीभ तयारच होती माझी. पण तिच्या तोंडाकडे बघून नाही बोलवलं. "आदल्या दिवशी," मी म्हटलं. "चहा आणला होता ना, तेव्हा."

शेडमध्ये चहूकडे टकटक चालली होती. मला वाटलं, ओरडेल, थोबाडीत मारेल. मारावं असं फार वाटत होतं मला. तिने हात पुढे केला आणि माझ्या हातातला स्टॅम्प पेपर घेतला. मांडीवर ठेवून त्याची सुरकुती सरळ केली, मागे कार्बन लावला, मशीनमध्ये घातला, गोल फिरवून वर आणला.

"नाम बोलिए," ती म्हणाली.

"ताई..."

"नाम बोलिए, बहनजी. पीछे और लोग खड़े हैं."

सतराव्या वर्षापासून ही बाई माझ्याशी मराठीत बोलत आली होती. मी नाव सांगितलं. दोन्ही नावं सांगितली.

"पति का नाम?"

"अनिल," मी म्हटलं. माझ्या लग्नात माझ्या मागे करवली म्हणून हीच उभी होती.

"पूरा बोलिए."

मी पूर्ण नाव सांगितलं. मग तिने वय विचारलं, मग पत्ता विचारला. ती मान वर न करता टाईप करत गेली, आणि मी एकेक सांगत गेले, हिंदीत.